पाहुण्याला दिलेलं उत्तर

मी चौथी शिकले. पुढची शाळा इंदापूर तालुक्यातल्या आमच्या निरवांगीपासून लांब होती आणि मुलीला तेवढ्या लांब कोण पाठवणार, म्हणून शिक्षण तिथंच थांबलं. पण बारामतीत माझ्या घराच्या वरच्या मजल्यावर शेतीच्या कॉलेजातल्या एवढ्या मुली राहून गेल्यात, की जिन्यावरून ऐकून ऐकून किडींची इंग्रजी नावं मला पाठ झालीत. अर्थ विचारू नका. खोल्या मी मुलींनाच देते. एकदा मुलगे ठेवले होते, त्यांनी बादल्या फोडल्या.

मलावी नावाचा देश आफ्रिकेत आहे, हे मला ती पोरगी येईपर्यंत माहीत नव्हतं. कॉलेजात परदेशी मुलांचं बघणारी एक मॅडम होती, ती तिला घेऊन आली. उन्हाची वेळ होती. पोरगी दारात उभी, उंच, केसांच्या बारीक बारीक वेण्या घातलेल्या, हातात पिशवी दोन्ही हातांनी धरलेली.

"आजी, वसतिगृहात हिला करमत नाही," मॅडम म्हणाली. "मुली चांगल्या आहेत, पण हिच्याशी फोटो काढतात आणि आपल्या खोलीत जातात. घरासारखं राहायला मिळालं तर अभ्यास होईल. ठेवाल का?"

"ठिवीन की. खोली रिकामीच हाय."

'हाय' म्हटल्याबरोबर पोरगीनं हात वर केला आणि हसून म्हणाली, "हाय!"

मी म्हटलं, "वर हाय खोली."

"हाय!"

"पाणी सकाळी आन् सांजच्याला हाय."

"हाय!" पुन्हा हात वर.

मॅडमनं तोंडाला रुमाल लावला. मला वाटलं पोरगी डोक्यानं जरा कमी आहे, सांभाळून घ्यावं लागेल. मॅडमनं खुलासा केला तेव्हा मीही हसले. परदेशी भाडेकरू ठेवला की पोलिसांत कळवावं लागतं, ते मॅडमनंच केलं. मी फक्त सही केली, चौथीतली, मोठी मोठी अक्षरं काढून.

त्याच संध्याकाळी चहा घेऊन मी तिला हाक मारली. ती आली आणि माझ्यासमोर दोन्ही गुडघे टेकून फरशीवर बसली. मला वाटलं चक्कर आली. मी कप ठेवून तिच्या डोक्यावर पाणी मारायला धावणार, तेवढ्यात तिनं दोन्ही हात पुढं केले. त्यांच्याकडं मोठ्या माणसाकडून काही घ्यायचं तर बायका गुडघे टेकतात. हे तिनं मला अर्ध्या इंग्रजीत आणि अर्ध्या हातवाऱ्यात समजावलं.

"हितं आमी पाया पडतो," मी म्हटलं, "ते बी सणासुदीला. रोज चहाला गुडघं टेकलंस तर तुझं गुडघं जातील आन् माझा चहा गार हुईल."

गुडघे टेकायचं तिनं सोडलं. दोन्ही हातांनी घ्यायचं मात्र शेवटपर्यंत सोडलं नाही. भाकरीसुद्धा दोन्ही हातांनी घ्यायची.

मला ती 'आगोगो' म्हणायची. त्यांच्या भाषेत आजीला तसं म्हणतात. मला 'गो'चा अर्थ ठाऊक होता. मी विचारलं, "हाक मारतीस का हाकलतीस?" ती कळेपर्यंत विचारात पडली आणि कळल्यावर इतकी हसली की जिन्याच्या कठड्याला धरून खाली बसली. तेव्हापासून मी तिला मराठी शिकवायला लागले. शिकवायला म्हणजे काय, मी बोलत होते आणि ती ऐकत होती. त्यामुळं तिची मराठी इंदापूर तालुक्याची झाली. कॉलेजात ती 'न्हाय जी' म्हणायची आणि पुण्याकडच्या मुली तिच्याकडं बघत राहायच्या.

ती मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा शिजवायची, आपल्या उकडीसारखा, फक्त त्यात तिखट नाही, मीठही नाही. मी खाऊन बघितला आणि सांगितलं, "ह्याला चव न्हाय." ती माझं पिठलं खाऊन म्हणाली, "ह्याला आग हाय." मग आम्ही तिचा गोळा आणि माझं पिठलं एकत्र खायला लागलो. ते बरं लागायचं.

एका रविवारी सकाळी ती चांगला झगा घालून, बिस्किटांचा पुडा मांडीवर घेऊन बाहेरच्या पायरीवर बसली. मी धुणं वाळत घातलं, निवडणं केलं, तरी ती तिथंच.

"कुणाची वाट बघतीस?"

"मैत्रीण. भवानीनगरची. ती म्हणाली, रविवारी ये की घरी."

"न्यायला येती म्हणाली?"

"न्हाय."

"पत्ता दिला?"

"न्हाय."

मी कपाळाला हात लावला. "अगं, ते म्हणायचं असतं."

"म्हणायचं असतं म्हंजी?"

आता हे कसं सांगावं? आपण दारावरून जाणाऱ्याला जेवून जा म्हणतो, एसटीत भेटलेल्या बाईला या एकदा घरी म्हणतो. ती बाई खरंच आली तर आपली पळापळ होईल, हे तिलाही माहीत असतं. मी जमेल तसं सांगितलं. तिनं पुडा बाजूला ठेवला. "मग खरं बोलावणं कसं ओळखायचं?"

"हाताला धरून वढलं की खरं."

तिचं तोंड एवढंसं झालं. मला त्या मैत्रिणीचा राग आला, आपल्या सगळ्यांचाच आला. मी म्हटलं, "लाव तिला फोन. आन् मला दे."

फोनवर मी म्हटलं, "काय गं, रविवारी ये म्हणालीस नव्हं? पोरगी सकाळपास्नं नटून बसलीया."

पलीकडून बारीक आवाज आला. "आजी, मी आईला विचारून सांगते."

"विचार. आमी निघालोय."

भवानीनगरला त्या मुलीचे वडील साखर कारखान्यात नोकरीला. आम्ही पोचलो तेव्हा तिच्या आईनं घाईघाईनं कपाटातल्या बशा काढल्या होत्या आणि पोहे करपवले होते. पहिला तास सगळे खुर्च्यांवर ताठ बसलो. मग पोरगीनं करपलेले पोहे खाऊन तिच्या इंदापुरी मराठीत सांगितलं, "झ्याक झाल्यात," आणि त्या माउलीचा जीव भांड्यात पडला. निघताना तिनं पोरगीच्या हाताला धरून ओढलं. म्हणाली, जेवल्याशिवाय जायचं नाही. पोरगीनं माझ्याकडं बघितलं आणि डोळे मोठे केले.

भवानीनगरची मुलगी त्यानंतर इतकी माझ्या घरी राहायला लागली, की तिचीही चादर मी वेगळी काढून ठेवली. दोघी एकत्र अभ्यास करायच्या, बाजारात जायच्या, एकमेकींवर रुसायच्या. वसतिगृहातल्या बाकीच्या मुलीही मग येऊ लागल्या. चहापत्ती पुरेना. पण वर हसणं ऐकू यायचं, तेव्हा मी तक्रार केली नाही. केली असती तरी कुणी ऐकली नसती.

दुसऱ्या वर्षी तिला प्रबंध लिहायचा होता. विषय ऊसवाल्यांचा होता. ऊस कारखान्याला गेल्यावर रानात वाळक्या पाल्याचं पाचट राहतं, त्याचं शेतकरी काय करतात, पाणी कसं देतात, माती तपासतात का, असं विचारून लिहायचं. तिच्या देशातही ऊस आहे. परत गेल्यावर तिथल्या शेतीखात्यात तिची जागा राखून ठेवलेली होती, पण डिग्री हातात असली तरच. आणि तिचं शिष्यवृत्तीचं दुसरं वर्ष हेच शेवटचं. उन्हाळ्याच्या आत प्रबंध मान्य झाला नाही, तर डिग्रीवाचून विमानात बसायचं. हे तिनं मला स्वयंपाकघरात कांदा चिरताना सांगितलं. डोळ्यांतलं पाणी कशाचं, ते मी विचारलं नाही.

मी म्हटलं, "ऊसवालं पायजेत व्हय? माझं माहेर कशाला हाय मग?"

हंगाम चालू होता. भवानीनगरची धरून आम्ही तिघी अंथुर्ण्यापर्यंत एसटीनं गेलो आणि तिथून जीपनं निरवांगीला. माझा धाकटा भाऊ तिथं शेती बघतो. गाव त्याला तात्या म्हणतं आणि मला आक्का. अंगणात पाच-सहा माणसं जमली. भावकीतले एक म्हातारे आबा आहेत, त्यांनी पहिला प्रश्न टाकला.

"कुठलं पावनं म्हणायचं?"

"मलावी," पोरगी म्हणाली.

"मलावी? ते करमाळ्याच्या अल्याड का पल्याड?"

"पल्याड," मी म्हटलं. "लई पल्याड. इमानानं यावं लागतं."

"मग हितं कुणाकडं?"

"माझी पावनी हाय, आबा."

झालं. आक्काची पावनी म्हटल्यावर खुर्ची आली, तिच्यावर चादर आली, चहा आला, चहावर पुन्हा चहा आला. पोरगीनं कागद काढला आणि एकेकाला विचारायला सुरुवात केली. अडलं तर भवानीनगरची सांगायची.

"तात्या, ठिबक हाय का?"

"हाय की."

"माती तपासता का?"

"व्हय तर. त्याबिगर खत टाकायचं कसं?"

"पाचट जाळता का?"

"छ्या, छ्या! न्हाय. पाचट म्हंजी सोनं. रानातच कुजवायचं." हे सोन्याचं वाक्य कारखान्याच्या शेतकी विभागाच्या सभेतलं होतं. ते सगळ्यांनीच ऐकलेलं होतं. आबांनीही तेच सांगितलं आणि बाकीच्यांनीही.

तेवढ्यात नदीच्या बाजूला धुराचा जाड लोट उठला. पोरगीनं बोट केलं. "ते काय?"

सगळ्यांनी तिकडं बघितलं. आबा म्हणाले, "कुणीतरी शेकोटी केली आसंल."

भर दुपारी शेकोटी. मी भावाकडं बघितलं, तो चहाच्या कपात बघत होता.

अंथुर्ण्यात भवानीनगरच्या मुलीच्या मामाकडं गेलो, तिथंही हेच. खुर्ची, चादर, चहा, आणि सोनं. पोरगी खुश होती. प्रत्येक माणूस बसून नीट उत्तर देतो, एकानंही हाकललं नाही, म्हणाली. तिनं सगळं लिहून काढलं आणि प्रबंध तपासणाऱ्या सरांना नेऊन दिलं.

सर वाईट नव्हते. त्यांनी सगळं वाचलं आणि विचारलं, "एवढ्या गावांत एकही माणूस पाचट जाळत नाही? मग रोज सकाळी माझ्या गाडीवर हे काळं काय पडतं?" हा सर्वे धरता येणार नाही, म्हणाले. पुन्हा करा, नाहीतर पुढच्या वर्षी बघू. तिला पुढचं वर्ष नव्हतंच.

घरी आली आणि जेवली नाही. माझ्या घरात न जेवता झोपलेलं मला चालत नाही. ताट तिच्यापुढं ठेवून मी बसून राहिले.

"आगोगो, ते खोटं का बोलले?"

"खोटं न्हाय गं. पावण्याला चहा देत्यात, तसं उत्तर दिलं. चांगल्या कपातनं."

तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरला. थोड्या वेळानं तिच्या तोंडावर हसू आलं. त्यांच्या गावात सरकारी जीप आली की तिची आजी शेजारून खुर्ची मागून आणायची, म्हणाली. साहेब विचारायचा, झोपायला मच्छरदाणी वापरता का, तर आजी म्हणायची, रोज. मच्छरदाणी परसात भाज्यांवर टाकलेली असायची.

"मी पण जीपवाली झाले," ती म्हणाली. मग विचारलं, "पावनी न्हाय व्हायला काय करायचं?"

"परगावचं माणूस पावनंच असतं."

"तुमच्या घरी मी पावनी हाय?"

"माझ्या घरी तू भांडी घासतीस."

तिनं ताट पुढं ओढलं. मग जेवली, पोटभर जेवली. दुसऱ्या दिवशी सरांना विचारून आली आणि पिशवी भरली. निरवांगीला राहायला जाते, म्हणाली.

मी भावाला फोन केला. "आक्का, ऱ्हाईना की," तो म्हणाला, "पर त्या खोलीत पंखा न्हाय, आन् तिला बाटलीचं पाणी लागत आसंल."

"तिला काय लागत न्हाय. तिला काम द्या."

"पावण्याला काम?"

"तात्या, सांगती तसं कर."

त्यानं केलं नाही. भावजयीनं तिला नवी वाकळ दिली, वेगळं ताट दिलं, आणि उठली की 'बसा, बसा' म्हणायला लागली. पोरगीचा फोन आला, "मामी मला तुमी म्हणतात. बसा म्हणतात."

"मग बसू नकू."

ती बसली नाही. सकाळी बायका खुरपायला निघाल्या की त्यांच्या मागं चालायला लागली. त्यांच्या देशात उभ्यानं, लांब दांड्याच्या कुदळीनं तण काढतात. इथं खुरपं घेऊन उकिडवं बसून पुढं सरकायचं. तिला ते जमेना. थोडं बसायची, कळ लागली की उठायची, वाकून खुरपायची. बायकांनी तिचं नाव 'उभी' ठेवलं. उभी आली, उभी दमली, उभीला पाणी द्या. त्यांनी तिच्या वेण्या हातात घेऊन बघितल्या, ओढून बघितल्या, आणि एका सासुरवाशिणीनं दुपारच्या सुट्टीत आपल्या पोरीच्या तशा वेण्या तिच्याकडून घालून घेतल्या. ती काळी आहे म्हणून पहिल्या दिवशी कुणीतरी तोंड मुरडलं म्हणे. उन्हात दिवसभर खुरपणाऱ्या बायकांनी कुणाला काळं म्हणावं? दुसऱ्या दिवशी ते संपलं.

काही दिवसांनी मी बघायला गेले. जीपमधून उतरून रानाकडं वळले तर बांधावरूनच भावजयीचा आवाज आला.

"ए बया! फुटवं कापलंस का गं? आगं, ऊस कुठला आन् गवत कुठलं, डोळं कुठं ठिवल्यात? आईनं खुरपं दावलं न्हाय का कधी?"

"चुकलं, मामी, चुकलं!"

"चुकलं म्हणं! हो बाजूला. जा, त्या सरीला जा. आन् वाकू नकू, बस खाली!"

मी बांधावर उभी राहिले. मला फार बरं वाटलं. 'तुमी' गेलं होतं.

पोरगीनं मला बघितलं आणि पळत आली. हाताला धरून मला घरामागं गोठ्याकडं घेऊन गेली. "आगोगो, बघा. ठिबक हाय."

गोठ्याच्या वळचणीला काळ्या नळ्यांचं वेटोळं पडलं होतं. त्याच्या मधोमध एक कोंबडी अंड्यांवर बसली होती.

"ठिबक हाय," पोरगी म्हणाली, "पर कोंबडीला हाय."

भावजय मागून पदरानं तोंड पुसत आली. "वन्सं, उंदरांनी नळ्या कुरतडल्या. जोडून जोडून वैतागलो, मग काढून ठिवलं. आता कुणी 'हाय का' इचारलं तर हायच की."

माझा भाऊ खोटं बोललाच नव्हता. त्याला हाय का विचारलं, त्यानं हाय म्हटलं.

पोरगीनं तिथून पुढं कुणाला 'हाय का' विचारलं नाही. आज पाणी कसं दिलं? ऊस तुटल्यावर त्या रानात पहिलं काय केलं? असं विचारायची, तेही सरीत बसून, हात चालू ठेवून. बायका सांगायच्या. पाचट जाळतो की. नाही जाळलं तर सऱ्या बुजतात, पाणी पुढं सरकत नाही, उंदीर माजतात, आणि पसरायला माणूस मिळत नाही. कुजवायचं सगळ्यांना पटतं, पण करायचं कुणी? माती एकदा तपासली होती, तो कागद देवाच्या फोटोमागं आहे. बायका बोलल्यावर मग पुरुषही बोलायला लागले. आबा तर रोज संध्याकाळी येऊन तिला नवीन काहीतरी सांगायचे.

तिनं पुन्हा लिहून दिलं. सरांनी वाचलं आणि ते आणखी गोंधळले. पहिल्या वेळी सगळे शहाणे होते, आता त्याच गावात सगळे पाचट जाळायला लागले. "कुठलं खरं धरू?" ते म्हणाले. "मी स्वतः येतो." त्यांचंही बरोबर होतं. दिवस फार थोडे उरले होते. त्यांना पटलं तर पटलं, नाहीतर पोरगीचा हिशेब तिथंच आटपणार होता.

कॉलेजच्या जीपमध्ये मीही चढले. कुणी बोलावलं नव्हतं.

अंगणात पुन्हा खुर्ची आली. पुन्हा चादर आली. भाऊ धुतलेली टोपी घालून बसला होता, आबा होते, बाकीचेही होते. चहा झाला. पोरगी भाकरी करत होती, ती पिठाच्या हातानं दाराशी येऊन उभी राहिली.

सरांनी विचारलं, "तात्या, ठिबक वापरता ना?"

"हाय की, सर."

"आणि पाचट?"

"कुजवतो, सर. सोनं हाय ते."

आबांनी मान हलवली. बाकीच्यांनी मान हलवली. सरांनी हातातली पानं उलटली, चष्मा काढला आणि म्हणाले, "हिनं तर उलटंच लिहिलंय."

मी पोरगीकडं बघितलं. हाताचं पीठ वाळून पांढरं पडलं होतं, ते ती नखानं खरवडत होती. आता तिनं तोंड उघडलं असतं तर ज्या माणसाच्या घरी ती जेवत होती, त्याला त्याच्याच अंगणात खोटं पाडल्यासारखं झालं असतं. ती ते करणार नव्हती. डिग्री गेली असती तरी नाही.

भावाला ते तेव्हा कळलं. त्याची मान खाली गेली. पण कारखान्याच्या कार्यक्रमात प्रगतिशील शेतकरी म्हणून शाल घेतलेला माणूस तो, पाहुण्यासमोर 'न्हाय' हा शब्द त्याच्या तोंडातून निघेना. मी बोलायला तोंड उघडलं. माझ्याआधी भावजय बोलली. पुरुषांच्या बैठकीत ती कधी बोललेली मी ऐकलं नव्हतं. पोरगीच्या शेजारी उंबऱ्यावर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अवो, सर पावनं हायती. पोरगी न्हाय."

"म्हंजी?" भाऊ म्हणाला.

"म्हंजी पावण्याला गोड लागावं म्हणून घरच्या पोरीला खोटं पाडताय व्हय?"

भावानं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली. "सर, उठा."

"कुठं?"

"गोठ्यामागं. कोंबडी खुडूक हाय, चोच मारंल. जरा लांबनंच बघा."

सरांनी लांबूनच बघितलं. कोंबडीनं मान वर करून त्यांच्याकडं बघितलं. मग भाऊ त्यांना रानात घेऊन गेला. जाळलेलं रान पायाखाली कुरकुरत होतं. "हे असं हाय सर," तो म्हणाला. "सभेत आमी सोनं म्हणतो आन् घरी येऊन काडी लावतो. का लावतो ते पोरीनं लिवलंय, तेच खरं."

एवढ्यात आबा काठी टेकत पुढं आले. "तात्याचं काय बघताय? त्याचं निम्मंच जळालंय. आमचं चला, आमी बांधावरचं झाडबी जाळलंय."

"आबा, तुमी काल म्हणला झाड वाळवीनं गेलं!" पोरगी ओरडली.

"काल तात्या कबूल झाला न्हवता. आज झालाय."

सगळे हसले आणि एकदा हसल्यावर कुणाला आवरेना. ज्यानं त्यानं सरांच्या कोपराला धरून आपल्या रानाकडं ओढायला सुरुवात केली. एकाची पाण्याची मोटार कशी जळाली, एकानं खत कसं डबल टाकलं, एकाचा मातीचा रिपोर्ट उंदरानं कसा खाल्ला. कुणाचं जास्त चुकलं याची पैज लागल्यासारखं झालं. सरांच्या पॅन्टचे पाय गुडघ्यापर्यंत काळे झाले. दिवस बुडायला आला तरी त्यांना कुणी सोडेना, आणि भावजय घरातून ओरडत होती की भाकऱ्या थंड होतायत, आणि ही उभी कुठं उलथली.

तिचा प्रबंध पुढं मान्य झाला आणि उन्हाळ्यात ती डिग्री घेऊन आपल्या देशाला गेली. तिथल्या शेतीखात्यात लागली. पण मला आठवतो तो त्या दिवशीचा परतीचा प्रवास. सर पुढं बसले होते आणि रुमालानं बूट पुसत होते. भवानीनगरच्या वळणावर ते मागं वळून पोरगीला म्हणाले, "लिहिलंय ते तसंच राहू दे. फक्त पद्धतीचं पान पुन्हा लिहा. आधी सांगितलं नाही, ते नंतर का सांगितलं, ते त्यात यायला पाहिजे."

तिनं वही काढली आणि माझ्या कानाशी हळूच विचारलं, "आगोगो, पद्धत काय लिहू?"

"लिही," मी म्हटलं, "मामीनं शिव्या दिल्या."

ती हसली नाही. गुडघ्यावर वही धरून, हलत्या जीपमध्ये, तिनं ते खरंच लिहायला घेतलं.